पोराला हाताखाली घ्यायच्या आधी काय ठरवून घ्यावं?

मांजराकाठी (धागाकर्ता)
रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मूळचा रेणापूर तालुक्यातला, १८ वर्षं झाली वाळूज एमआयडीसीत टूलरूमला आहे.

चार वर्षांपूर्वी गावाकडच्या एका पोराला हाताखाली घेतलं. आयटीआय मशिनिस्ट, हात साफ, डोकं त्याहून साफ. शिफ्ट सुटल्यावर त्याला तासभर थांबवून घ्यायचो. व्हर्नियर कसा धरायचा इथून सुरुवात. पहिले आठ दिवस एकच जॉब दहादा मोजायला लावला, कारण ०.०२ मिलिमीटरचा लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात बारीक माप) असलेलं हत्यार पण अंगठा जास्त दाबला की खोटं बोलतं. मग टूल ऑफसेट, मग छोटे प्रोग्रॅम. दोन वर्षांत याला व्हीएमसीचा (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनचा) प्रोग्रॅमर करायचा, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं.

चौदाव्या महिन्यात एका सोमवारी पोरगं आलंच नाही. फोन बंद. पंधरा दिवसांनी कळलं, चाकणला एका गोदामात लागलंय, पगार तीन हजारानं जास्त. पगाराचा राग नव्हता हो. न सांगता गेलं, ते लागलं. दिवाळीला गावी गेलो तर त्याचे वडील पारावर चारचौघांत म्हणाले, "सायबानं वर्षभर पान्हे धरायला लावले, परमनंट काय केलं नाही." मी परमनंट करतो म्हणालोच नव्हतो! मग आठवत बसलो, आपण म्हणालो तरी काय होतो? "पाठवा माझ्याकडं, बघतो मी." एवढंच. त्या "बघतो मी"मध्ये मला प्रोग्रॅमर दिसत होता, त्याच्या बापाला परमनंटची ऑर्डर. पोराला काय दिसलं ते आजतागायत माहीत नाही.

आता परत दोघं यायलेत. एक मेहुण्याचा पोरगा, एक आमच्या गल्लीतली मुलगी, मेकॅनिकल डिप्लोमा झालेली. कंपनीच्या एचआरनं मेंटॉरसाठी एक फॉर्म दिलाय. ध्येय, मुदत, महिन्याला किती भेटी, खाली दोघांच्या सह्या. भाच्याची सही घेऊ? बायको घराबाहेर काढील.

तर विचारणं एवढंच की पहिल्या बैठकीत तुम्ही काय काय ठरवता? लिहून घेता का तोंडी? की काहीच न ठरवता चालवायचं आणि पुन्हा पारावर ऐकून घ्यायचं?

बिनपाण्याचा_नळ
रविवार, रात्री ९.५२

जागा धरून ठेवतो. चहा सांगा कुणीतरी.

वाफसा
रविवार, रात्री १०.१५

साहेब, एवढं अवघड काय त्यात? आमच्या इकडं पाडव्याला सालगडी ठरतो तेव्हा दोन जाणती माणसं मधी बसतात. रोख किती, ज्वारी किती, कपड्याचे जोड किती, पायताण, घोंगडं, उचल (आगाऊ रक्कम) किती, कोणत्या सणाला सुट्टी, म्हैस त्यानं धुवायची का तुमच्या पोरानं. सगळं बोलून होतं, मग नारळ. वर्षभर कुणी कुणाचं तोंड वाकडं करत नाही. लग्नाची याद करतानाबी तेच. मानपानाच्या साड्या किती हे लिहून घेतो आपण, आणि पोराच्या आयुष्याचं म्हणता "बघतो मी". वाफसा नसताना तिफण घातल्यावर उगवंल कसं?

गोदाकाठची
सोमवार, सकाळी ७.३०

वाफसाकाका, बाकी पटलं, सालगड्याचं नाही पटलं. त्या बैठकीत अटी मालकाच्या असतात, गरज सालगड्याची असते. उचल घेतलेला माणूस काय "नाही" म्हणणार? नेमका हाच रोग गाईड आणि विद्यार्थ्यामध्ये आहे.

माझी पीएचडी नांदेडची. विषय मला गोदावरीच्या काठावरच्या गावांमधल्या पाणीवाटपावर करायचा होता, सरांना त्यांच्या जुन्या प्रकल्पाचा उरलेला डेटा संपवायचा होता. दोघंही "संशोधन" म्हणत होतो, त्यामुळे दीड वर्ष कुणाच्या लक्षात आलं नाही. प्रकरण लिहून दिलं की पाच पाच महिने परत येत नसे. मधल्या काळात मी सरांचा गॅस सिलिंडर दोनदा आणला, त्यांच्या मुलाच्या शाळेचे फॉर्म भरले आणि एकदा तर वहिनींच्या भिशीचा हिशेब जुळवला. भिशीचा हिशेब जुळला, माझा नाही जुळला.

आता मीच गाईड आहे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनी मुदत ठरलेली आहे, कोर्सवर्क धरून कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६. दर सत्राला एकदा सल्लागार समितीपुढं उभंही राहावं लागतं. पण समितीपुढं कुणी म्हणत नाही की सर चॅप्टर वाचत नाहीत. म्हणून पहिल्या भेटीत मी स्वतःच बोलते. चॅप्टर दिल्यापासून २१ दिवसांत माझे शेरे येतील, नाही आले तर २२ व्या दिवशी तू मला आठवण करायची, आणि तो आगाऊपणा धरला जाणार नाही. पेपरवर पहिलं नाव ज्यानं काम केलं त्याचं. नोकरी मी लावून देणार नाही, शिफारसपत्र देईन. घरचं कुठलंही काम सांगणार नाही.

शेवटचं वाक्य ऐकून एका मुलाला इतका धक्का बसला की तो म्हणाला, "मॅडम, मग माझं काही चुकलं का?"

बिनपाण्याचा_नळ
सोमवार, सकाळी ७.४१

भिशीच्या हिशेबावर वेगळा धागा काढा ताई. आमच्या घरात दोन वर्षांपासून जुळेना.

ॲड_हॉक
सोमवार, दुपारी २.१०

जेवणाच्या सुट्टीत टंकतोय, सांभाळून घ्या.

आमच्या धंद्यात ज्युनियर म्हणजे फायली वाहणारा आणि तारखा घेणारा. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढलं की ज्युनियरला शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० मानधन द्यावं. शिफारस आहे, सक्ती नाही. खंडपीठाच्या कॅन्टीनमध्ये त्यावर हसणारे सीनियर मी पाहिलेत, आणि चहाचे पैसे ज्युनियरकडून घेणारेही.

पण माझे सीनियर वेगळे निघाले. पहिल्या दिवशी त्यांनी दोन वाक्यं सांगितली. "पहिली दोन वर्षं मला पैसे वाढवायचं म्हणू नको. चौथ्या वर्षी माझ्या ऑफिसात दिसू नको." बाहेर येऊन मी मित्राला फोन केला, म्हातारा लई खडूस आहे. पण खरं सांगतो, त्या दुसऱ्या वाक्यानं मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या निकालपत्रानं नाही शिकवलं. तीन वर्षांनी आपल्याला बाहेर पडायचंच आहे म्हटल्यावर माणूस प्रत्येक फाइल वेगळ्या डोळ्यानं बघतो. मसुदा ते सांगायचे, मी लिहायचो, मग मुद्दाम विचारायचो, हे वाक्य इथंच का? तिसरं वर्ष संपायला महिना राहिला तेव्हा त्यांनी स्वतः तीन पक्षकार माझ्याकडं पाठवले.

शेवट आधी सांगणारा सीनियर दुर्मीळ. बाकीचे सुरुवात गोड सांगतात.

लिंबाखाली
सोमवार, दुपारी ३.००

अवांतर: मेंटॉरला मराठी शब्द काय? मार्गदर्शक म्हटलं की मला गाईड आठवतो, गुरू म्हटलं की पाया पडावंसं वाटतं.

लाल_माती
सोमवार, संध्याकाळी ६.२०

वस्ताद! गॅरेजात, शिंप्याकडं उस्ताद म्हणतात, तालमीत वस्ताद. वस्ताद गंडा बांधतो. आता कुणी म्हणेल धागाच तर आहे. पण त्या धाग्यात सगळा एचआरचा फॉर्म येतो बघा. माझ्या वेळी वस्तादानं वडलांना बोलावलं आणि समोर बसवून विचारलं, "खुराक कोण देणार? दूध, बदाम, तूप." वडील म्हणाले मी. "पीक बुडालं तर?" वडील गप्प. मग वस्ताद म्हणाले, "मग त्या वर्षी मैदानं कमी करू, तालीम बंद नाही करायची." मी बारा वर्षांचा होतो, पण दुष्काळाची सोय आधीच लावून ठेवलेली मी त्या दिवशी बघितली.

मांजराकाठी, तुमच्या पोराचा खुराक कोण देत होतं, विचारलं होतं का कधी?

मांजराकाठी
सोमवार, रात्री ९.०५

नाही विचारलं. १४ महिन्यांत नाही.

खडूफळा
सोमवार, रात्री ९.३०

शिक्षकांसाठी सरकारनंही हे मनावर घेतलंय. २०२० च्या शैक्षणिक धोरणात राष्ट्रीय मेंटॉरिंग मिशनचा उल्लेख आहे, काम एनसीटीईकडं (शिक्षक-शिक्षणाची राष्ट्रीय परिषद). तालुक्याला प्रशिक्षण झालं, तेव्हा स्मार्ट ध्येयांवर दोन तास व्याख्यान ऐकलं. नेमकं, मोजता येईल असं, झेपेल असं, मुदतीचं वगैरे. जॉर्ज डोरान नावाच्या माणसानं १९८१ साली व्यवस्थापनाच्या एका मासिकात हे मांडलं, म्हणजे मूळ प्रकरण कंपनीच्या साहेबलोकांसाठीचं. नव्या शिक्षिकेला मी विचारलं, तुझं मोजता येईल असं ध्येय काय? ती म्हणाली, "सर, पाचवीच्या वर्गात रडू न येता पस्तीस मिनिटं उभं राहायचं." आता हे मोजता येतं की नाही तुम्हीच सांगा. आम्ही तेच लिहिलं. मिनिटं खरंच मोजली. दिवाळीपर्यंत वीस झाली होती.

आणखी एक. कॅथी क्रॅम या अमेरिकन संशोधक बाईंनी १९८३ मध्ये नोकरीतल्या अशा जोड्यांचे चार टप्पे सांगितलेत: जुळणं, जोपासणं, वेगळं होणं आणि मग नव्यानं ओळख होणं. वेगळं होणं हा त्यात रीतसर टप्पा आहे, अपघात नाही. आपल्याकडं तो टप्पा आला की लोक "उपकार विसरला" म्हणतात.

बिनपाण्याचा_नळ
सोमवार, रात्री ९.३४

स्मार्ट शब्द ऐकला की मला लाइटचं मीटर आठवतं आणि छातीत धडधडतं.

तेरणाकाठ
मंगळवार, सकाळी ८.००

थापटण्याचा विषय कुणी काढला नाही म्हणून मीच काढतो. आमच्या तेरला गोरोबाकाकांनी संतमंडळींची परीक्षा घेतली ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. मडकं पक्कं का कच्चं हे बघायचं लाकडी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत गेले. बाकीचे गप्प बसले, नामदेव चिडले. मग ठरलं, मडकं कच्चं. तिथून नामदेव निघाले ते औंढ्याला विसोबा खेचरांकडं पोचले.

कीर्तनकार इथं नामदेवांचा अहंकार कसा गळाला ते सांगतात. मला लहानपणापासून दुसरीच शंका आहे. चारचौघांत डोक्यावर मारायची काय गरज होती? आणि आपली परीक्षा होणार आहे हे नामदेवांना कुणी आधी सांगितलं होतं? आमच्या साहेबांनी भर मीटिंगमध्ये माझा रिपोर्ट असाच थापटला होता, तेव्हापासून ही शंका फारच वाढली आहे.

गोदाकाठची
मंगळवार, सकाळी ८.२०

तेरणाकाठ, हसून हसून चहा सांडला. पण मुद्दा मोठा आहे. चूक कुठं सांगायची, एकट्यात का सगळ्यांत, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं. काही मुलांना लेखी शेरा चालतो, तोंडावर सांगितलं की पुढचं ऐकूच येत नाही. मी त्यातलीच होते.

पोरगंच_समजा
मंगळवार, रात्री ११.४८

खूप दिवसांपासून नुसतं वाचायलोय, पहिल्यांदा लिहायलोय. परभणी जिल्हा. एमपीएससी करायलो, सध्या पुण्यात.

तुम्ही सगळे मोठी माणसं आहात, पण एक गोष्ट दिसंना तुम्हाला. तुम्ही ध्येय विचारता तेव्हा आम्ही एकटे नसतो. गावाकडच्या एका मोठ्या साहेबांनी मला मार्गदर्शन करायचं कबूल केलं होतं. घरी आले, अंगणात खुर्चीवर बसले, मी खाली, वडील दारात. साहेबांनी विचारलं, "काय व्हायचंय?" मी वडलांकडं बघितलं. वडील म्हणाले, "डीवायएसपी." साहेब म्हणाले, "शाब्बास." झालं ठरलं. मला मोजणीखात्यात जायचं होतं, नकाशाची लई आवड होती. ते मी कुणालाच सांगितलं नाही, आज इथं सांगायलोय.

मांजराकाठी काका, तुम्ही म्हणता न सांगता गेला, फोन बंद केला. मीबी त्या साहेबांचा फोन दीड वर्ष उचलला नाही. तो माज नव्हता. प्रीलिम दुसऱ्यांदा गेली, आता तोंड काय दाखवायचं. रोज वाटायचं, आज फोन करू, मग वाटायचं निकाल आला की करू. तुम्ही वेळ दिला, तुमचा पेट्रोल-चहा गेला, आणि आमच्याकडं परत द्यायला काहीच नाही. सोडून जायचं असल्यावर कोणत्या तोंडानं विचारायचं, की साहेब, जाऊ का?

वयाची मर्यादा खुल्याला ३८, मागासवर्गाला ४३. म्हणजे कायद्यानं आम्हाला कुणी थांबवत नाही. थांब म्हणणारं माणूस पाहिजे, आणि ते कधी म्हणणार हे आधी ठरलेलं पाहिजे.

चुकलं असलं तर माफ करा.

लिंबाखाली
बुधवार, सकाळी ६.१०

काही चुकलं नाही बाळा.

मांजराकाठी
बुधवार, सकाळी ६.३०

पहिल्या शिफ्टला निघता निघता वाचलं. बसमध्ये तीनदा वाचलं. रात्री लिहितो.

वाफसा
बुधवार, सकाळी ९.४०

परवा ताईनं मला सालगड्यावरून बरोबर धरलं. उचलीचं खरं आहे, ते मी लपवत नाही. पण या पोराचं वाचून एक सांगावं वाटलं. सालगड्याचा साल पाडव्याला संपतो. त्या दिवशी त्यानं म्हणावं, मालक, आवंदा दुसरीकडं बघतो, कुणी वाईट मानत नाही. जेवून जातो. पुढं शेतात आडवा आला तर रामराम घालतो. त्याला सोडून जायचा दिवस ठरलेला आहे. तुमच्या विद्यार्थ्याला असा दिवस कुठाय? म्हणून ते फोन बंद करायलेत.

ॲड_हॉक
बुधवार, सकाळी ९.५५

काका, हा मुद्दा मी लिहून घेतो. माझ्या सीनियरचं "चौथ्या वर्षी दिसू नको" म्हणजे हाच पाडवा की.

उजनी_नव्हे_मांजरा
बुधवार, दुपारी १.१५

लातुरातून. आमच्याकडं पोराला ध्येय कुणी विचारतच नाही. लातूर पॅटर्नमध्ये ध्येय छापून येतं, आपण फक्त नाव आणि ब्लड ग्रुप भरायचा. माझ्या मुलीला अकरावीत टाकताना काउन्सेलर म्हणाले, नीटला किती मार्क अपेक्षित? मी आकडा सांगितला. गाडीत बसल्यावर पोरगी म्हणाली, "पप्पा, तो आकडा कुणाचा होता?" दोन वर्षं झाली, उत्तर दिलेलं नाही.

नट_बोल्ट
बुधवार, रात्री ८.२५

मी चिकलठाण्याला मेंटेनन्सला आहे. फॉर्मला घाबरू नका. अप्रेंटिसचा करार १९६१ च्या कायद्यानं लेखीच असतो. किती महिने, कोणता ट्रेड, स्टायपेंड किती, सगळं वर असतं. करार करून आलेला पोरगा आम्हाला परका वाटतो का? उलट तोच हक्कानं विचारतो, "सर, माझं लेथवरचं राहिलंय." कारण त्याच्या लॉगबुकात ते लिहिलेलं असतं.

फक्त एचआरचा सहा पानी फॉर्म ड्रॉवरमध्ये राहतो, दर तीन महिन्यांनी कुणी काढत नाही. वहीचं एक पान घ्या. डाव्या बाजूला तिनं लिहायचं, उजव्या बाजूला तुम्ही, एकमेकांचं न बघता. मग वाचा. जिथं जुळत नाही तिथंच बोलायचं आहे, जुळलेल्यावर चहा वाया घालवू नका.

भाच्याचं मात्र अवघड. माझ्या पुतण्याला मी शिकवायला घेतलं होतं. त्यानं एक मोटार जाळली, मी ओरडलो. रविवारी भावजयीनं मला जेवायला वाढलं, पण भाजी विचारली नाही. त्याला दुसऱ्या कुणाच्या हाताखाली द्या, आणि त्या माणसाचा पुतण्या तुम्ही घ्या.

बिनपाण्याचा_नळ
बुधवार, रात्री ८.३१

साटंलोटं! हे आपल्या रक्तात आहे.

चिंचेचं_बोटूक
गुरुवार, सकाळी १०.००

मुलीबद्दल कुणी बोललंच नाही. भेटायचं कुठं, हे आधी ठरवा. कंपनीत असेल तर शॉपफ्लोअरवर सगळ्यांसमोर, नाहीतर तिच्या घरी किंवा तुमच्या घरी, वहिनी असताना. हे तुमच्यावर अविश्वास म्हणून नाही. गल्लीला विषय मिळाला की भोगावं तिला लागतं, शिकणं पहिलं तिचं बंद होतं. रात्री नऊनंतर फोन नाही, तुम्हीही नाही आणि तिनंही नाही. तिच्या आईला एकदा मशीन दाखवा. माझ्या आईला वाटायचं मी कंपनीत फॅनखाली बसून लिहिते. एकदा तिनं कुलंटनं भिजलेला ड्रेस बघितला आणि मला स्वयंपाकातून सुट्टी मिळाली.

आणि तिचं लग्न ठरलं तर काय, हेही विचारा. कुणी विचारत नाही. सगळे गृहीत धरतात, मग तिला बारकी कामंच मिळतात.

पोरगंच_समजा
गुरुवार, दुपारी १२.३०

काल त्या साहेबांना मेसेज टाकला. निळ्या टिक आल्यात. बघू.

(मधले आठ-दहा प्रतिसाद स्टायपेंड वेळेवर मिळतो का यावर आहेत, ते संपादकांनी वेगळ्या धाग्यात हलवलेत.)

मांजराकाठी
तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री १०.०५

धागा वर काढतो. उशीर झाला, प्लांटला ऑडिट होतं.

भाचा माझ्याकडं नाही. नट_बोल्ट यांनी सांगितलं तसं मित्राच्या हाताखाली दिला. बायको आठ दिवस बोलली नाही, आता बोलते.

मुलीची बैठक झाली. आमच्या घरी, तिची आई आणि आमची मंडळी आत बाजरीचे खारोडे बघत बसल्या होत्या. वहीचं पान घेतलं, मधून रेघ मारली. मी उजव्या बाजूला झरझर लिहिलं: प्रोग्रॅमिंग, १८ महिने, दर रविवारी अकरा ते एक. मोठ्या रुबाबात पेन ठेवला. ती अजून लिहीतच होती. तिच्या बाजूला होतं:

"मशीन बंद पडली की पुरुष कामगार मला बाजूला सरकायला सांगतात. मला बाजूला सरकायचं नाही." पहिलं वाक्य हे. मग, "ड्रॉइंग वाचताना जीडी अँड टीच्या खुणा समजत नाहीत, कॉलेजात समजल्यासारखं केलं." (जॉबच्या आकारात किती फरक चालेल ते सांगणाऱ्या खुणा त्या.) मग, "चूक एकट्यात सांगावी." मग, "काका म्हणू का सर म्हणू?" आणि शेवटी एक ओळ लिहून खोडली होती. मी विचारलं काय खोडलंस. ती म्हणाली, "पगार". म्हटलं, खोडू नको, लिही. मी कंपनीत काय करू शकतो, काय नाही, ते समोर लिहून दिलं. परमनंट करणं माझ्या हातात नाही, हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहिलं आणि आतून तिच्या आईला बोलावून वाचून दाखवलं.

प्रोग्रॅमिंग तिच्या यादीत कुठंच नव्हतं. तेव्हा पहिले तीन महिने मशीन उघडून बघणं आणि ड्रॉइंग. मग पान परत काढायचं. आणि वाफसाकाकांच्या शब्दाला मान देऊन तळाला लिहिलंय, "गुढीपाडवा: चालू ठेवायचं का ते दोघांनी सांगायचं. नाही म्हणणाऱ्याला पुरणपोळी." शॉपवर सर, घरी काका, असं ठरलं.

आता दुसरं. मी चाकणला फोन लावला. नंबर बदलला होता, वडलांकडून घेतला, पारावर जाऊन. पोरगं आधी गप्पच. मग साहेब बरे आहात का वगैरे. मी सरळ विचारलं, "मी 'बघतो मी' म्हणालो होतो तेव्हा तुला काय वाटलं होतं रे?"

तो म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही खोली बघायलात."

वाळूजजवळच्या पंढरपूर फाट्याला एका खोलीत सात जण राहत होते. शिफ्टवाले दोघं झोपलेले असायचे म्हणून दिवा लावता यायचा नाही. मी शिफ्ट सुटल्यावर तासभर थांबवायचो, तोवर डबा गार व्हायचा आणि झोपायची जागा जायची. १४ महिने तो वाट बघत होता की साहेब आज खोलीचं बोलतील. चाकणच्या गोदामवाल्यांनी राहायची सोय दिली होती. तीन हजार वगैरे वडलांनी गावात सांगायला सांगितलेलं.

माझ्या घराची वरची खोली तेव्हा रिकामी होती. सोयाबीनची जुनी पोती ठेवली होती तिथं.

लाल_माती
रविवार, रात्री १०.२०

खुराक.

गोदाकाठची
रविवार, रात्री १०.३५

हं.

बिनपाण्याचा_नळ
रविवार, रात्री ११.१०

आज विनोद सुचंना. भावकीतल्या एका पोराला मी पण फेब्रुवारीत "बघतो" म्हणून बसलोय. पोरगं सध्या रांजणगावला आहे. आता काय करू?

वाफसा
रविवार, रात्री ११.१४

फोन लाव. अकरा वाजलेत म्हणू नको, जागंच असंल. आधी विचार, जेवला का आणि झोपतो कुठं.